कुत्रा, मेंढी आणि एक पुस्तिका

महापालिकेच्या कत्तलखान्यात पशुवैद्य म्हणून मी अनेक वर्षं मांस तपासलं. मेंढीची कलेजी हातात घेतली की डोळ्यांआधी बोटांना कळायचं. मऊ मांसात मध्येच एखादी ताणलेली, टणक गोटी लागायची. बेतानं चीर दिली की नितळ पाण्याची चिळकांडी उडायची आणि आतून शहाळ्याच्या मलईसारखा पांढरा पापुद्रा निघायचा. तळाशी रेतीसारखा गाळ. त्या गाळात पट्टकृमीची असंख्य डोकी असतात. कुत्र्यानं ती खाल्ली की त्याच्या आतड्यात तिळाहून जरा लांब असे जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडतात, तिथून मेंढीच्या पोटात जातात आणि कुत्र्याला कुरवाळणाऱ्या हातावाटे माणसाच्याही. मग तशीच पिशवी माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात वर्षानुवर्षं वाढत राहते.

अशी पिशवी दिसली की मला आइसलंड आठवतं. तिथं मी कधी गेलो नाही, पण आमच्या धंद्यातला सगळ्यांत मोठा विजय तिथला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या बेटावर सत्तर हजारांच्या आत माणसं होती आणि मेंढ्या माणसांहून कितीतरी जास्त. मेंढी घरीच कापायची, आतडी-काळीज कुत्र्यांना टाकायचं, असा रिवाज. पोटात पिशव्या घेऊन माणसं मरत होती. आइसलंड तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. १८६३ साली डेन्मार्कहून हाराल्ड क्राबे नावाचा तरुण डॉक्टर तिथं गेला आणि त्यानं शंभर कुत्र्यांचं शवविच्छेदन केलं. २८ कुत्र्यांत हा जंत सापडला.

एवढ्यावर अहवाल लिहून तो थांबला असता तर मी त्याचं नाव घेतलं नसतं. त्यानं लोकांसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. ती १८६४ साली, डॅनिशमध्ये न काढता, आइसलंडच्या भाषेत छापून फुकट वाटली गेली. तिथं शेतकऱ्याच्या घरातही वाचता येत होतं, म्हणून ती वाचली गेली. बाहेरून आलेली मदत कशी असावी, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. पुढे १८६९ आणि १८९० साली कायदे झाले: कुत्र्यांवर कर, दर वर्षी कुत्र्यांना जंताचं औषध, पिशव्या असलेले अवयव पुरायचे किंवा जाळायचे. कोकरं लहानपणीच कापली जाऊ लागली, याचाही फायदा झाला. एवढ्या कोवळ्या वयात पिशवी वाढलेलीच नसते. पुढच्या पिढ्यांत हा रोग आइसलंडमधून नाहीसा झाला, तोही आजची प्रभावी औषधं निघण्याच्या आधी.

तो अनुभव पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडच्या कामी आला. तिथं १९५९ साली यासाठी वेगळा कायदा झाला. गावोगावचे कुत्रे एका ठिकाणी आणून बांधायचे आणि त्यांना अरेकोलिन द्यायचं. आपल्या सुपारीत असतं तेच द्रव्य! कुत्र्याला जुलाब होत आणि जंत बाहेर पडे. आज प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध आहे, आणि मेंढ्यांसाठी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी मिळून काढलेली लसही आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं हा रोग दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतला आहे.

आपल्याकडे मात्र उघड्यावर बकरं कापलं जातं तिथं कुत्रे घोळक्यानं बसलेले असतात, आणि खराब कलेजी त्यांच्याकडेच भिरकावली जाते. मी स्वतः हे असंख्य वेळा पाहिलं आहे, आणि दर वेळी जाऊन हात धरला आहे. तुमच्या ओळखीचा मटणवाला असेल, गावच्या जत्रेत बकरं कापलं जात असेल, तर एवढं सांगा: पाण्याची पिशवी दिसलेली कलेजी वा फुप्फुस कुत्र्याला टाकू नका. खोल पुरा, नाहीतर जाळा.