लघुलहरी प्रसारण

सुमारे ३ ते ३० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या, म्हणजे १०० ते १० मीटर लांबीच्या रेडिओलहरींवरून होणारे दूर पल्ल्याचे ध्वनिप्रसारण. रोजच्या बोलण्यात यालाच शॉर्टवेव्ह म्हणतात. जुन्या रेडिओच्या काचेवर ४९, ४१, ३१, २५, १९ असे जे मीटरचे आकडे छापलेले असत, ते याच पट्ट्यांचे. उपग्रह आणि इंटरनेट येण्यापूर्वी एका देशातला आवाज दुसऱ्या खंडातल्या सामान्य घरात थेट पोहोचवण्याचे हे एकमेव साधन होते. ते बहुधा सरकारांनी उभारले. मात्र ऐकायचे कोणाचे, हे ठरवणे शेवटपर्यंत श्रोत्यांच्या हाती राहिले, आणि या माध्यमाचा खरा इतिहास तिथेच आहे.

मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि काही शे किलोमीटरांत क्षीण होतात. लघुलहरी वर जातात. जमिनीपासून साधारण शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरात, त्या वळतात आणि हजारो किलोमीटर दूर पुन्हा खाली उतरतात. जमिनीवरून परावर्तित होऊन हा प्रवास पुन्हा पुन्हा घडू शकतो. म्हणूनच कोलंबोचे केंद्र नागपुरात खणखणीत लागे, पण प्रक्षेपकापासून थोड्या अंतरावरच्या गावात कधीकधी काहीच ऐकू येत नसे. आयनांबराची घडण सूर्यावर अवलंबून असते. त्यामुळे दिवसा १३ ते १९ मीटर आणि रात्री ३१ ते ४९ मीटर असा पट्टा बदलावा लागतो, आणि सौर डागांच्या अकरा वर्षांच्या चक्राप्रमाणे ऐकू येण्याची गुणवत्ताही कमीजास्त होते. आवाज मोठा होणे, बुडणे, पुन्हा वर येणे ही शॉर्टवेव्हची ओळख याच अस्थिर थरातून आली. असा थर असावा, हे केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ मध्ये स्वतंत्रपणे सुचवले होते. ॲपलटन यांनी १९२४ मध्ये प्रयोगाने ते दाखवले. त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या लहरींचे मोल पहिल्यांदा हौशी मंडळींनी जाणले. दूरच्या संदेशांसाठी लांब लहरीच हव्यात, असा त्या काळच्या तज्ज्ञांचा समज होता. त्यामुळे अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने हौशी प्रक्षेपकांना २०० मीटरच्या खाली, म्हणजे निरुपयोगी मानलेल्या जागेत, ढकलले. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतल्या हौशी केंद्रांचे संकेत स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसनला ऐकू आले, आणि १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिका आणि फ्रान्समधले हौशी अटलांटिकपार दुतर्फा बोलू लागले. मार्कोनी यांनीही आपल्या ‘एलेत्रा’ या नौकेवरून चाचण्या घेऊन एकाच दिशेने झोत सोडणारी यंत्रणा उभी केली. ब्रिटनचा भारताशी असा बिनतारी दुवा सप्टेंबर १९२७ मध्ये सुरू झाला. त्याची इकडची केंद्रे पुण्याजवळ होती : खडकीहून संदेश जात आणि दौंडला ते घेतले जात. समुद्राखालच्या तारेपेक्षा ही सेवा इतकी स्वस्त आणि जलद ठरली की तार कंपन्यांना बिनतारी कंपन्यांशी एकत्र यावे लागले.

नियमित प्रसारणाची सुरुवात नेदरलँड्सने केली. आइंडहोवनच्या फिलिप्स कारखान्यातून मार्च १९२७ मध्ये पीसीजेजे केंद्राचे कार्यक्रम जाऊ लागले, आणि त्याच वर्षी राणी विल्हेल्मिना पूर्वेकडील वसाहतींतल्या प्रजेशी बोलल्या. सोव्हिएत संघाने १९२९ मध्ये मॉस्कोहून जर्मन भाषेत प्रसारण सुरू केले. वसाहतींना मायदेशाशी बांधून ठेवणे हा डचांचा हेतू होता. परक्या जनतेशी तिच्याच भाषेत बोलणे हा मॉस्कोचा. पुढची साठ वर्षे या दोन हेतूंभोवतीच फिरत राहिली. व्हॅटिकनचे केंद्र मार्कोनी यांनी उभारले आणि ते फेब्रुवारी १९३१ मध्ये सुरू झाले. बीबीसीची साम्राज्यसेवा १९ डिसेंबर १९३२ रोजी डॅव्हेंट्रीहून सुरू झाली. ती इंग्रजीत होती आणि साम्राज्यातल्या गोऱ्या रहिवाशांसाठी होती. इटलीच्या अरबी प्रसारणाला उत्तर म्हणून बीबीसीने जानेवारी १९३८ मध्ये अरबी सेवा काढली, आणि तिथून ती परभाषांकडे वळली. हिंदुस्तानी सेवा मे १९४० ची. मराठी सेवाही युद्धकाळातच सुरू झाली आणि १९५८ पर्यंत चालली. आकाशवाणीचे पहिले परदेशी प्रसारण १ ऑक्टोबर १९३९ रोजी झाले, तेही पश्तूमध्ये, कारण वायव्य सरहद्दीवर जर्मन प्रचाराची धास्ती होती.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने परदेशी केंद्र ऐकणे हा गुन्हा ठरवला. गंभीर प्रकरणांत देहान्ताची शिक्षाही होती. तरीही लोक ऐकत राहिले, कारण रेडिओ ऐकणाऱ्याचा माग हवेत उरत नाही. बर्लिनहून सुभाषचंद्र बोस यांचा आवाज फेब्रुवारी १९४२ मध्ये भारतात आला, तो याच मार्गाने.

त्याच वर्षी मुंबईत एक छोटे केंद्र सुरू झाले. त्याच्याकडे मोठा प्रक्षेपक नव्हता आणि सरकारी पाठबळही नव्हते. तरी या नोंदीत त्याला बर्लिन-लंडनइतकीच जागा द्यायला हवी. ‘भारत छोडो’ ठरावानंतर वृत्तपत्रांवर बंधने आली, नेते तुरुंगात गेले, तेव्हा उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आदी तरुणांनी ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. राममनोहर लोहिया त्याच्याशी जोडलेले होते. पोलिसांना चुकवण्यासाठी जागा वारंवार बदलली जाई. वृत्तपत्रांना जे छापता येत नव्हते ते येथून सांगितले गेले. विदर्भातल्या आष्टी आणि चिमूर येथील दडपशाहीची बातमी त्यातलीच. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रसारण चालू असतानाच धाड पडली. बावीस वर्षांच्या उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या येरवड्याहून १९४६ मध्ये सुटल्या. गुप्त केंद्राची हीच वाट पुढे गोव्याच्या मुक्तिलढ्याने धरली. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून आंबोली आणि कॅसलरॉकच्या जंगलातून कोकणी व पोर्तुगीज भाषांत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ चालवला. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीजांच्या शरणागतीची वार्ता या दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवेकरांना सांगितली.

युद्ध संपल्यावर त्याची यंत्रसामग्री मागे राहिली. दक्षिण-पूर्व आशिया आघाडीच्या सैनिकांसाठी सिलोनमध्ये उभारलेला शक्तिशाली प्रक्षेपक १९४९ मध्ये तिथल्या सरकारकडे आला आणि ‘रेडिओ सिलोन’चा पल्ला भारतभर गेला. १९५२ मध्ये माहितीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी शास्त्रीय संगीताच्या आग्रहापायी आकाशवाणीवरची चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. केसकरांची संगीतनिष्ठा अस्सल होती, पण शेजारच्या बेटावरून येणारी लहर मंत्रालयाच्या आदेशाने थांबणारी नव्हती. ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी ती मुंबईत ध्वनिमुद्रित करीत, फिती कोलंबोला जात आणि दर बुधवारी रात्री त्याच आवाजात गाणी परत येत. भारतीय उत्पादकांच्या जाहिरातींचा पैसाही कोलंबोला जाऊ लागला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीची चित्रपटगीतांची सेवा विविध भारती आली, आणि १९६७ मध्ये मुंबई-पुणे-नागपूरपासून तिच्यावर जाहिरातीही. श्रोत्यांनी केवळ रेडिओची सुई फिरवून एका सरकारचे धोरण बदलायला लावले, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

शीतयुद्धात पश्चिमेची प्रसारणे बुजवण्यासाठी सोव्हिएत संघाने १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याच वारंवारतांवर घरघराट सोडणारे प्रक्षेपक बसवले. शहरांत ते परिणामकारक होते. बाहेर मात्र त्यांचा जोर कमी पडे, त्यामुळे लोक रेडिओ घेऊन गावाकडच्या घरी जात. १९५४ नंतर ट्रान्झिस्टर संच आले, तशी ही चोरटी श्रवणभक्ती आणखी सोपी झाली. या माध्यमाच्या मर्यादाही याच काळात दिसल्या. १९५६ च्या हंगेरीतल्या उठावात ‘रेडिओ फ्री युरोप’ या अमेरिकी केंद्राच्या काही प्रसारणांनी बाहेरून मदत येईल अशी आशा लोकांत जागवली. ती मदत कधीच आली नाही. दूर सुरक्षित बसून बोलणाऱ्याची जबाबदारी किती मोठी असते, याची ही कटू नोंद आहे. प्रसारणे बुजवणे १९८८ च्या अखेरीस थांबले. ऑगस्ट १९९१ च्या बंडात क्रिमियामध्ये नजरकैदेत असलेले सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह बाहेरच्या घडामोडींसाठी बीबीसी ऐकत होते. भारतात ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या मृत्यूची बातमी बीबीसीने आकाशवाणीच्या कित्येक तास आधी दिली. त्या दिवशी सरकारी वृत्तसेवेच्या विश्वासार्हतेला जी इजा झाली, ती पुढे अनेक वर्षे जाणवत राहिली.

उपग्रहवाहिन्या, एफएम आणि इंटरनेट आल्यावर खर्चाच्या नावाखाली ही सेवा आटत गेली. बीबीसीने उत्तर अमेरिकेसाठीची लघुलहरी २००१ मध्ये बंद केली. नेदरलँड्स आणि कॅनडा २०१२ मध्ये, ऑस्ट्रेलिया २०१७ च्या जानेवारीत बाहेर पडले. बीबीसी हिंदीचे लघुलहरी प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी संपले. डिजिटल लघुलहरींचे तंत्र आहे, पण तसे स्वस्त संच लोकांच्या हाती आलेच नाहीत. सेवा बंद करण्याचा निर्णय घेणाऱ्यांनी श्रीमंत देशांतला श्रोता डोळ्यांसमोर ठेवला, असे म्हणावे लागते. चक्रीवादळात मनोरे पडतात, सरकार इंटरनेटचे जाळे बंद करते, तेव्हा मोबाइल निकामी होतो. दुसऱ्या खंडातून येणाऱ्या लहरीला यातल्या कशाचीच गरज नसते. ऑस्ट्रेलियाच्या माघारीवर पॅसिफिकमधल्या बेटांतून हाच आक्षेप आला होता. मार्च २०२२ मध्ये युक्रेन आणि रशियाच्या काही भागासाठी बीबीसीने दिवसाचे चार तास लघुलहरी प्रसारण पुन्हा सुरू केले. न्यूझीलंडने पॅसिफिक बेटांसाठीची आपली सेवा थांबवलेली नाही. अलीकडे तिच्यासाठी नवा प्रक्षेपकही बसवला आहे.