'ब्लास्टर मास्टर' : एका व्हिडिओ गेमचे पाठभेद

प्रस्तावना : हस्तलिखितांतील पाठभेद इतिहासाच्या अभ्यासकास परिचित आहेत. संगणकीय कृतींनाही पाठभेद असतात, हे सनसॉफ्ट या जपानी कंपनीच्या एका गेमवरून स्पष्ट होते.

विवेचन : जून १९८८ मध्ये 'मेटाफाइट' हा गेम जपानमध्ये निंटेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. त्यात केन गार्डनर हा नायक उड्या मारणाऱ्या रणगाड्यातून परग्रहावरील आक्रमकांशी लढतो. अरुंद वाटांवर तो खाली उतरून पायी जातो. त्याच वर्षी अमेरिकेत 'ब्लास्टर मास्टर' या नावाने तो आला, तेव्हा खेळ बहुतांशी तोच राहिला. कथा मात्र बदलली. आता जेसन हा मुलगा पळालेल्या पाळीव बेडकामागे भूगर्भात उतरतो व तेथे त्याला रणगाडा सापडतो. १९९० मध्ये या कथेवर इंग्रजी बालकादंबरी निघाली. तिने ईव्ह हे पात्र जोडले.

पुढे चाहत्यांनी गेमच्या संगणकीय प्रतीत फेरफार करून नवे नकाशे रचले. असे फेरफार सामान्यतः 'पॅच' या लहान फाइलमधून दिले जातात. तीत केवळ बदललेला भाग असतो. मूळ प्रतीवाचून ती निरर्थक ठरते.

२०१७ च्या 'ब्लास्टर मास्टर झीरो' या अधिकृत पुनर्निर्मितीने जेसन, बेडूक आणि कादंबरीतील ईव्ह यांना एकत्र आणले.

निष्कर्ष : ज्यास दुय्यम मानले गेले, तेच पुढे अधिकृत परंपरेत सामावले गेले. म्हणून चाहत्यांचे फेरफार केवळ करमणूक समजून वगळणे इतिहासदृष्ट्या उचित नाही. मूळ प्रत आणि पॅच या दोहोंचे एकत्रित जतन झाले, तरच ही परंपरा भावी अभ्यासकांस वाचता येईल.