खेळांच्या मासिकांचा जमाखर्च

देवस्थानाच्या वार्षिक सभेस नियमाने बसणाऱ्या महाजनांस एक गोष्ट निराळी सांगावयास नको. संस्था खरोखर कोणाची आहे, हे तिच्या दारावरील पाटीपेक्षा जमाखर्चाच्या वहीवरून अधिक चांगले कळते. नियतकालिकांचेही तसेच आहे. प्रस्तुत लेखात ज्या मासिकांचा विचार करावयाचा आहे, ती मुलांच्या पडद्यावरील खेळांस, म्हणजे व्हिडिओ गेमना वाहिलेली होती. ज्या खेळांस घरातील वडीलधारी मंडळी वेळेचा अपव्यय म्हणतात, त्यांच्या मासिकांचा इतिहास कशास, असे कोणी विचारील. परंतु वाचकाचा विश्वास कसा मिळवितात आणि मिळाल्यावर त्याचे काय करतात, हे ह्या मासिकांत जितके उघडे दिसते तितके थोर नियतकालिकांच्या चरित्रांत क्वचितच दिसते.

इंग्लंडात वेल्सच्या सीमेजवळ लडलो नावाचे जुने बाजारगाव आहे. पडका किल्ला, लाकडी चौकटींची शेकडो वर्षांची घरे, उंच मनोऱ्याचे चर्च, असा त्याचा थाट. येथे १९८३ साली रॉजर कीन आणि ऑलिव्हर व फ्रँको हे फ्रे बंधू ह्यांनी टपालाने संगणकाचे खेळ विकण्याचा व्यवसाय आरंभिला. त्याच्या आदल्याच वर्षी सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा लहानसा संगणक बाजारात आला होता. तो घरच्या दूरचित्रवाणी संचास जोडावयाचा आणि साध्या टेपरेकॉर्डरवरून त्यात खेळ भरावयाचा. खेळांच्या कॅसेटी धडाधड निघू लागल्या. वेष्टनावर चित्र भव्य, आत काय आहे ते विकत घेऊन घरी नेल्यावाचून कळण्याची सोय नाही! खाऊचे पैसे साठवून कॅसेट घेणाऱ्या मुलाची निराशा कोणास सांगावी? म्हणून ह्या मंडळींनी आपल्या विक्रीच्या यादीतच खेळांवर अभिप्राय छापण्यास प्रारंभ केला. १९८४ च्या आरंभी त्या यादीचे मासिक झाले. त्याचे नाव ‘क्रॅश’. दुकानदाराच्या यादीतून परीक्षणाचे मासिक जन्मास यावे, ही गोष्ट मोठी गमतीची खरी.

अभिप्राय द्यावयाचे कोणी? ह्या विषयाचे जाणते टीकाकार त्या काळी जवळजवळ नव्हतेच. तेव्हा गावातील शाळकरी मुलांसच बोलावण्यात आले. शाळा सुटली की मुले कचेरीत येत, कॅसेट भरत, खेळत आणि आपले मत लिहून देत. एका खेळावर बहुधा तिघांची मते छापली जात आणि ती परस्परांशी जुळलीच पाहिजेत असा आग्रह नसे. शेवटी चित्रे, खेळण्यातील गोडी, पुन्हा पुन्हा खेळावेसे वाटणे, किमतीचे चीज होणे, अशा निरनिराळ्या अंगांस शेकडा गुण दिले जात व सरासरीने एकंदर गुण ठरत. ह्या गुणपत्रिकेत परीक्षा देणारा शाळेतला मुलगा नव्हता, तो परीक्षक होता. वाचकासही ठाऊक होते की, हे मत आपल्याच वयाच्या कोणाचे तरी आहे. पत्रव्यवहाराचे सदर सांभाळणारे लॉइड मँग्रम हे गृहस्थ मात्र निव्वळ काल्पनिक होते. पण मुले त्यांस मोठ्या आत्मीयतेने पत्रे लिहीत.

अंक सिद्ध करण्याचे काम कष्टाचे होते. पडद्यावरील दृश्य कागदावर आणण्यासाठी खोलीत अंधार करून पडद्यासमोर कॅमेरा लावावा लागे. खेळांतील गुहा व वाटा ह्यांचे नकाशे वाचक स्वतः आखून पाठवीत, ते छापले जात. छपाईस आठवडे लागत, त्यामुळे बाजारात येणारा खेळ पूर्ण होण्यापूर्वीच कंपनीकडून पाहावयास मागावा लागे. मुखपृष्ठे ऑलिव्हर फ्रे रंगवीत. १९७८ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटाच्या आरंभीची चित्रकथा त्यांच्याच हातची. पडद्यावर चार ठिपक्यांचा राक्षस असे, तो त्यांच्या कुंचल्यातून सजीव होऊन दुकानाच्या फळीवरून मुलास हाक मारी. वेष्टनावरील चित्रांनी फसवणूक होते म्हणून निघालेले हे मासिक चित्रावरच विकले जावे, हा विरोध त्यांच्या ध्यानात आला नसेल असे आम्हांस वाटत नाही. १९८६ पर्यंत खप महिन्यास लाखावर गेला.

आता वहीची दुसरी बाजू. अंकाची किंमत मुले देत, परंतु रंगीत पाने भरत ती खेळ विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींनी. ज्याच्या खेळास चाळीस गुण द्यावयाचे, त्याचीच जाहिरात शेजारच्या पानावर! अशा मासिकाचा स्वाभिमान किती दिवस टिकेल हा प्रश्न नेहमीचाच. आणि जाहिरातदारांवर विसंबण्यात दुसराही धोका असतो. अमेरिकेत १९८१ साली निघालेले ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे मासिक, १९८३ मध्ये तेथील खेळांचा बाजार कोसळल्यावर, १९८५ साली बंद पडले.

त्याच अमेरिकेत जपानच्या निन्टेंडो कंपनीने निराळी युक्ती योजिली. तिने प्रथम ग्राहकांचा एक विनामूल्य क्लब काढून मुलांची नावे व पत्ते गोळा केले. पुढे १९८८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘निन्टेंडो पॉवर’चा पहिला अंक निघाला, तो ह्या सभासदांस, म्हणजे ३५ लाखांच्या घरातील घरांस, फुकट धाडण्यात आला, त्यांपैकी शेकडा तीसांहून अधिकांनी वर्गणी भरली. गेल टिल्डन ह्या बाईंकडे संपादनाची धुरा होती. मुखपृष्ठावर मातीचा मारिओ, आत सुरेख रंगीत नकाशे, अडलेल्या मुलास वाट दाखविणाऱ्या सूचना. बाहेरच्या जाहिरातींस प्रारंभी जागाच नव्हती. वरवर पाहता ही शुचिता वाटते, परंतु जाहिरातीची गरज नव्हती, कारण संपूर्ण अंकच जाहिरात होता. ‘ड्रॅगन वॉरियर’ हा खेळ अपेक्षेप्रमाणे खपेना, तेव्हा त्याच्या प्रती नव्या वर्गणीदारांस भेट म्हणून वाटल्या गेल्या. शिल्लक माल गेला, वर्गणीदार आले! तथापि मुलांस त्याचे दुःख नव्हते. त्यांस नकाशे हवे होते आणि ते उत्तम मिळत. ह्या मासिकास निव्वळ फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल.

लडलोच्या मंडळींचा न्यूजफील्ड हा प्रकाशन व्यवसाय १९९१ साली बुडाला. शेवटची काही वर्षे प्रतिस्पर्धी मासिके अंकांस खेळांच्या कॅसेटी चिकटवून विकू लागली होती आणि लेखनापेक्षा भेटवस्तूवर अंक उचलला जाई. ‘क्रॅश’चे नाव दुसऱ्याकडे गेले व १९९२ मध्ये ते बंद पडले. ‘निन्टेंडो पॉवर’ २०१२ च्या डिसेंबरपर्यंत चालले. अखेरच्या मुखपृष्ठावर पुन्हा मातीचाच मारिओ होता.

‘क्रॅश’च्या जमाखर्चात मात्र पुढे आणखी एक पान लिहिले गेले. २०१७ साली जुन्या वाचकांनी, जे आता पन्नाशीस टेकले होते, आगाऊ पैसे भरून त्याचे वार्षिक काढविले. त्याचे मुखपृष्ठ ऑलिव्हर फ्रे ह्यांनीच रंगविले. ते २०२२ मध्ये आणि रॉजर कीन त्यानंतर काही महिन्यांतच, २०२३ च्या आरंभी, निवर्तले.