हुकूम की सल्ला? मुस्लिम लग्नातल्या समुपदेशनाची जुनी गोष्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की, 'काउन्सेलिंग वगैरे आपल्यात कुठून आलं? हे तर शहरातलं फॅड.' तर आजचा भाग त्यावरच. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलता बोलता सुटलेल्या दोन-तीन गोष्टी इथे जोडल्यात.

सुरुवात घरापासून करतो. तीन वर्षांपूर्वी बीडमध्ये आमच्या घरी एक बैठक झाली. माझ्या खालाच्या मुलीचं, म्हणजे आमच्या आपाचं, लग्न मोडायच्या टोकाला आलं होतं. मी पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून आलो. हॉलमध्ये अब्बा, दोन मामू, तिकडून तिचे सासरे, एक चुलत सासरे आणि मोहल्ल्यातले एक बुजुर्ग बसलेले. चहा तीनदा झाला. अडीच तास चर्चा चालली. आपा कुठे होती? स्वयंपाकघरात. चहा तीच करत होती.

शेवटी निरोप आत गेला, 'सब्र कर बेटी, घर ऐसेच बनता.' झालं, बैठक उठली. तिला काय वाटतं हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही विचारलं. ते मला अजून टोचतं, आणि त्या टोचणीतूनच मी हे सगळं वाचायला लागलो.

वाचल्यावर पहिली गोष्ट कळली. ही बैठक काही हवेतून आलेली नाही. कुराणात सूरह निसाच्या ३५व्या आयतमध्ये नवरा-बायकोत फूट पडायची भीती असेल तर काय करायचं ते सांगितलंय: एक पंच नवऱ्याच्या घरातला, एक बायकोच्या घरातला. या पंचांना 'हकम' म्हणतात. दोघांनी बसून सलोख्याचा प्रयत्न करायचा. आता नीट बघा, एक त्याचा आणि एक तिचा. म्हणजे तिची बाजू मांडणारा माणूस तिथे असलाच पाहिजे. आमच्या हॉलमध्ये तिच्या बाजूचे तिघे होते, पण तिची बाजू कुणालाच माहीत नव्हती.

दुसरी गोष्ट हदीसमधली आहे आणि ती मला फार आवडते. मदीनेत बरीरा नावाची एक गुलाम स्त्री होती. तिला स्वातंत्र्य मिळालं. तिचा नवरा मुगीस अजून गुलामच होता. अशा वेळी लग्न ठेवायचं की सोडायचं, हा हक्क बायकोला असे. तिनं सोडायचं ठरवलं. मुगीस बिचारा रडत तिच्या मागे मदीनेच्या गल्ल्यांमधून फिरायचा, दाढी ओली व्हायची. शेवटी खुद्द पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी तिला सुचवलं की, परत गेलीस तर बरं. त्यावर बरीरानं विचारलं, हा आपला हुकूम आहे का? उत्तर आलं की नाही, मी फक्त शिफारस करतोय. मग तिनं सांगितलं की, मला त्याची गरज नाही. आणि विषय तिथेच संपला. कुणी तिला बेअदब म्हटलं नाही.

मंडळी, पूर्ण समुपदेशन या एका प्रसंगात आहे. सल्ला देणारा कितीही मोठा असो, ऐकणारीला विचारता आलं पाहिजे की हा हुकूम आहे की सल्ला. सल्ला असेल तर नाही म्हणता आलं पाहिजे.

मग मधल्या काळात काय झालं? थोडं फिकह, म्हणजे धर्मशास्त्राचा कायदा, समजून घ्यावा लागेल. ते दोन हकम नवरा-बायकोला वेगळं करू शकतात का, यावर जुन्या विद्वानांत मतभेद होते. मालिकी पंथ म्हणाला, करू शकतात. हनफी पंथ म्हणाला, नाही, नवऱ्यानं अधिकार दिला तरच. आपल्या मराठवाड्यातले बहुतेक मुसलमान हनफी. त्यामुळे बाईला स्वतःहून बाहेर पडायची वाट फार अरुंद झाली. नवरा परागंदा झाला तर हनफी मतानं त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत थांबायचं!

ब्रिटिश काळात, खासकरून पंजाबात, काही बायकांनी यातून सुटायला धर्मच सोडायला सुरुवात केली, कारण धर्म सोडला की निकाह तुटतो असं कोर्टं मानत. ते बघून थाना भवनचे मौलाना अशरफ अली थानवी हादरले. त्यांनी १९३०च्या दशकात एक ग्रंथ लिहून मालिकी मताचा आधार घेतला. मग १९३९ साली मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं खर्च नाही, छळ, अशी कारणं असतील तर बाई कोर्टात जाऊन लग्न मोडू शकते. त्याच कायद्यात हेही आलं की फक्त धर्म सोडल्यानं लग्न तुटणार नाही. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे आपोआप लागू नव्हता.

आता स्वातंत्र्यानंतरचा महाराष्ट्र. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम महिलांचा मोर्चा नेला. फक्त सात जणी. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. दलवाई १९७७ मध्ये गेले, पण सय्यदभाईंसारखे कार्यकर्ते काम करत राहिले. सय्यदभाईंच्या स्वतःच्या बहिणीला तोंडी तलाक मिळाला होता, तिथून ते या कामात आले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मंडळाची सगळी मतं तुम्हाला पटतील असं नाही. आमच्या घरात तर दलवाईंचं नाव काढलं की अब्बा चॅनल बदलतात. पण बायकांचं गाऱ्हाणं बायकांच्या तोंडून ऐकायचं, हे या लोकांनी केलं. ते आमच्या हॉलमध्ये झालं नव्हतं.

आणि आता आपल्या अगदी जवळची गोष्ट. २००२ साली मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात लातूरकडच्या एका जोडप्याचा खटला पूर्णपीठासमोर आला. विषय होता पोटगीचा. नवऱ्याचं म्हणणं असं की, मी तलाक दिलाय, विषय संपला. कोर्टानं सांगितलं, संपला नाही. नुसतं 'दिला' म्हणून चालणार नाही. कारण काय होतं ते सिद्ध कर, दोन्हीकडचे हकम नेमले होते का ते दाखव, सलोख्याचे प्रयत्न झाले का ते दाखव. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानं शमीम आरा खटल्यात याच दिशेनं निकाल दिला.

तिहेरी तलाकची चर्चा आपण २०१७चा निकाल आणि २०१९चा कायदा यांपासून सुरू करतो. पण त्याच्या पंधरा वर्षं आधी, बीड ज्या खंडपीठाखाली येतं तिथेच, कोर्टानं सूरह निसातली पायरी परत जागेवर ठेवली होती. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, व्हॅलिडेशनची स्टेप आधीपासून होती, लोक ती स्किप करून थेट सबमिट दाबत होते.

अजून एक निकाल लक्षात ठेवा. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं दारुल कझा आणि फतव्यांबद्दल सांगितलं की, सल्ला द्यायला बंदी नाही, पण तो कुणावर लादता येणार नाही, त्याला कायद्याचं बळ नाही. म्हणजे काय? परत बरीराचाच प्रश्न. हुकूम की सल्ला?

आता फोनवर येऊ. आपानं बैठकीनंतर काय केलं? रात्री गच्चीवर जाऊन, भाच्याला झोपवून, ऑनलाइन समुपदेशक शोधले. पहिल्या बाईंनी दहा मिनिटांत ठरवून टाकलं की हिचा सगळा त्रास धर्मामुळे आहे. नमाजबद्दल बोलली की त्या विषय बदलायच्या. मग एका मौलानांचे व्हिडिओ ऐकले, तिथे परत सब्र. एकानं तिचा धर्म बाजूला ठेवायला सांगितलं, दुसऱ्यानं तिचा त्रास. तिचा प्रश्न फार साधा होता: खुला मागितला तर गुनाह होईल का? खुला म्हणजे बाईनं मेहर परत देऊन किंवा सोडून लग्नातून बाहेर पडणं. ज्याला खुला, इद्दत, मेहर हे शब्दच माहीत नाहीत, त्याला तिची रात्रीची झोप का उडालीय ते कसं कळणार?

तिसऱ्या समुपदेशक मॅडम मुस्लिम नव्हत्या. पण त्यांनी सांगितलं, 'मला यातलं कमी माहीत आहे, तुम्ही सांगा, मी ऐकते.' आपा त्या दिवशी पाऊण तास बोलली. लग्नानंतर पहिल्यांदा.

म्हणून धर्माची जाण असलेलं समुपदेशन म्हणजे समोर दाढीवाला किंवा बुरखेवाली पाहिजे असं नाही. तिची श्रद्धा तिच्या आयुष्याचा भाग आहे हे मानणारा, आणि निर्णय तिच्यावर सोडणारा माणूस पाहिजे. श्रद्धेची भाषा उत्तम येते पण हुकूम सोडतो, असा माणूस बैठकीतल्या मामूंपेक्षा वेगळा नाही, फक्त व्हिडिओ कॉलवर आहे.

कामाचं थोडं. मन फार जड झालं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण मारहाण होत असेल तर तो समुपदेशनाचा विषय नाही. तिथे ११२ किंवा महिलांसाठी १८१. हकम सलोख्यासाठी असतात, मार खायला परत पाठवण्यासाठी नाही.

आपाचं पुढे काय झालं, ते तिनं सांगू नको म्हटलंय, म्हणून सांगत नाही. एवढं मात्र तिला विचारून सांगतो की दुसरी बैठक झाली तेव्हा चहा मी केला आणि ती हॉलमध्ये बसली होती.

तुमच्या घरात अशी बैठक झाली असेल तर त्यात कोण कुठे बसलं होतं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. नाव नाही सांगितलं तरी चालेल. पुढच्या भागात भेटू. खुदा हाफिज, काळजी घ्या.