दहावा नंबर: मुंबई इंडियन्सचा 2022चा सीझन

आजचा विषय म्हणजे जखमेवर मीठ आहे, पण जखम आता जुनी झालीय, तेव्हा बोलायला हरकत नाही. इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले, लढाया, तह आठवतात. पण एखाद्या टीमचा एक सीझन हाही इतिहासच असतो. त्यात तारखा असतात, पैसा असतो, आणि निर्णय घेणारे एक असतात, भोगणारे दुसरेच.

तर 2022. मुंबई इंडियन्सकडे तेव्हा पाच ट्रॉफ्या होत्या: 2013, 2015, 2017, 2019 आणि 2020. शिवाय कोविडमुळे त्या वर्षी लीगच्या सगळ्या 70 मॅचेस महाराष्ट्रातच झाल्या. वानखेडे, ब्रेबॉर्न, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील आणि पुण्याजवळचं गहुंजे. म्हणजे मुंबईला राज्याबाहेर पाऊल टाकायचंच नव्हतं. आणि याच टीमने पहिल्या आठच्या आठ मॅचेस हरल्या.

त्यातल्या काही हार तर अशा की आठवल्या तरी त्रास होतो. 6 एप्रिलला पुण्यात कोलकात्याच्या पॅट कमिन्सने 14 बॉलमध्ये फिफ्टी मारली, डॅनियल सॅम्सच्या एका ओव्हरमध्ये 35 रन्स गेले. 21 एप्रिलला चेन्नईला शेवटच्या ओव्हरमध्ये 17 हवे होते, समोर धोनी. पुढे काय झालं ते सांगायलाच नको. 24 एप्रिल, सचिनचा वाढदिवस, वानखेडे, आणि तिथे आठवी हार. पहिला विजय मिळाला 30 एप्रिलला, राजस्थानविरुद्ध, आणि तो दिवस होता रोहितचा वाढदिवस. शेवटी 14 पैकी 4 विजय, 8 पॉइंट्स, दहावा नंबर. दहा टीम्सपैकी दहावा.

तेव्हा सगळ्यांनी रोहितला धरलं. आकडे तसेच होते म्हणा: 14 मॅचेसमध्ये 268 रन्स, एकही फिफ्टी नाही. पण मी पडलो इंजिनिअर. सिस्टिम पडली की शेवटची एरर बघून थांबायचं नसतं, मागे मागे जात लॉग वाचायचे असतात. इथे लॉग वाचत गेलं की आपण पोचतो बंगळुरूला, 12 आणि 13 फेब्रुवारी 2022, मेगा लिलाव.

नियम असा होता: जुन्या टीमने जास्तीत जास्त चार खेळाडू ठेवायचे, बाकीचे सोडायचे. मुंबईने रोहित, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड ठेवले. 90 कोटींतले 42 तिथेच गेले, उरले 48. आता हिशोब बघा. ईशान किशन 15.25 कोटी, टिम डेव्हिड 8.25 कोटी, जोफ्रा आर्चर 8 कोटी. तिघांत मिळून साडेएकतीस कोटी, म्हणजे उरलेल्या पैशांचा जवळजवळ दोन तृतीयांश. यातला आर्चर दुखापतीमुळे त्या वर्षी खेळणार नाही हे घेतानाच माहीत होतं. टिम डेव्हिडला दोन मॅचेस खेळवून बाहेर बसवलं, तो परत आला थेट 30 एप्रिलला. दुसरीकडे हार्दिक पांड्या, कृणाल, डी कॉक, बोल्ट असे ज्यांच्यावर टीम उभी होती ते हातातून गेले. 29 मे रोजी फायनल झाली तेव्हा एका बाजूला गुजरातचा कॅप्टन हार्दिक, दुसऱ्या बाजूला राजस्थानचा बोल्ट. मुंबईचं घर मोडलं आणि त्याच्या वासे-तुळयांनी दुसऱ्यांची घरं उभी राहिली.

आता थोडं अमेरिकेत जाऊ, कारण तिथे शेवटच्या नंबरचा अर्थ वेगळा आहे. तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, एनएफएलमध्ये, 1936 पासून ड्राफ्ट आहे. साधा नियम: जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिने कॉलेजमधून येणाऱ्या नव्या पोरांतून पहिली निवड करायची. आपला लिलाव ज्या दिवशी संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी, आपल्याकडे पहाट असताना, लॉस एंजेलिसजवळ त्यांची फायनल, सुपर बोल, सुरू झाली. रॅम्सने बेंगल्सला 23-20 असं हरवलं. बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो त्यांना मिळाला होता कारण 2019 मध्ये ते 16 पैकी दोनच मॅचेस जिंकले होते. जिंकलेला मॅथ्यू स्टॅफर्डही मुळात डेट्रॉइट लायन्सला मिळाला होता, 2008 मध्ये सोळाच्या सोळा हरल्याचं बक्षीस म्हणून! पण त्याच्यासोबत लायन्सना एकही प्लेऑफ मॅच जिंकता आली नाही. म्हणजे पहिला नंबर मिळाला तरी पुढचं काम टीमलाच करावं लागतं.

आयपीएलमध्ये तर तेवढंही नाही. दहाव्याला वेगळं काही मिळत नाही, पैशांची मर्यादा सगळ्यांना सारखी. मेगा लिलाव चांगल्या टीमला तोडतो, पण पडलेल्याला हात देत नाही. 2024 मध्ये मुंबई परत तिथेच दिसली: 14 मॅचेस, 4 विजय, 8 पॉइंट्स, दहावा नंबर.

आता आमच्या गावाकडचा मुद्दा. मी मासवणचा. आमच्या सूर्या नदीचं पाणी वसई-विरारला जातं, पोरं नोकरीला लोकलने मुंबईला जातात, त्यामुळे टीमही मुंबईचीच असं आम्ही धरून चाललेलो. पण 2022 मध्ये पालघरचा शार्दूल ठाकूर दिल्लीकडे होता, 10.75 कोटींना, त्याच लिलावात. किट घेऊन तासन् तास ट्रेनने मुंबईला क्रिकेटला जाणारा आमचा पोरगा. 27 मार्चला मुंबईची पहिली मॅच दिल्लीशी, त्यात त्याचे 11 बॉलमध्ये 22 रन्स. 21 मेला शेवटची मॅचही दिल्लीशीच. टिम डेव्हिड आला, पहिलाच बॉल शार्दूलचा, कट लागली होती, पण पंतने रिव्ह्यू घेतला नाही. डेव्हिडने पुढे 11 बॉलमध्ये 34 ठोकले, मुंबई जिंकली, दिल्ली बाहेर. आता सांगा, आम्ही टाळ्या कोणासाठी वाजवायच्या? जर्सी मुंबईची आणि बॉल पालघरचा! लिलावाने टीम तुटते तशी ही आपुलकीही दोन ठिकाणी वाटली जाते. मला विचाराल तर मी त्या बॉलला शार्दूलच्या बाजूने होतो आणि बाकी मॅचला मुंबईच्या.

आणि या पडक्या सीझनमधून एक गोष्ट हाती लागलीच. 1.70 कोटींना घेतलेला 19 वर्षांचा तिलक वर्मा. त्याने 397 रन्स केले, टीममध्ये ईशाननंतर सर्वात जास्त. टीम हरत होती, तरी त्याला रोज खेळवलं. 28 सप्टेंबर 2025 ला दुबईत पाकिस्तानविरुद्ध आशिया कपच्या फायनलमध्ये नाबाद 69 करणारा तो हाच.

म्हणून पुढच्या वेळी पॉइंट्स टेबल बघाल तेव्हा एकदा खालून वर वाचा. तळाच्या टीमने लिलावात काय केलं आणि हरताना कोणाला खेळवलं, एवढं शोधा. शिव्या नंतर घालू. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!