डीपीई सर, पुरस्कार आणि पब्लिक

परवा ऑफिसात दुपारच्या चहाला भलताच विषय निघाला. टीममधला एकजण अमेरिकेत, टेनेसीला शिकून आलेला. तो सांगत होता की तिकडे कॉलेजच्या क्रीडा संचालकाला रस्त्यावरचा माणूसही नावानिशी ओळखतो, त्याच्यावर चिडतो, प्रसंगी त्याची नोकरी घालवतो. आणि याच संचालकांना दरवर्षी पुरस्कारही मिळत असतात. मी म्हणालो, "आमच्या अकोल्याला डीपीई सर होते ना..." पण पुढचं ऐकायला कोणी थांबलं नाही, मीटिंगची वेळ झाली होती. म्हणून इथे लिहितोय. विकांत आहे, बाहेर पाऊस पडतोय आणि तुम्ही आता अडकलात :)

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. डीपीई म्हणजे डायरेक्टर ऑफ फिजिकल एज्युकेशन, शारीरिक शिक्षण संचालक. 'संचालक' म्हटलं की केबिन, गाडी, दाराबाहेर शिपाई असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. वऱ्हाडातल्या बहुतेक कॉलेजांत मात्र हा एकट्याचा कारभार. एक खोली, एक लोखंडी कपाट, त्यात हवा गेलेले फुटबॉल, भिंतीवर धूळ बसलेल्या ढाली. मैदानावर चुन्याच्या रेषा मारायच्या त्यांनीच, विद्यापीठात फॉर्म भरायचे त्यांनीच, आणि बडनेऱ्याच्या फलाटावर रात्री दोन वाजता बारा पोट्टे मोजायचेही त्यांनीच.

आता टेनेसीची गोष्ट. जॉन करी नावाचे गृहस्थ कॅन्सस स्टेट विद्यापीठात क्रीडा संचालक होते. 2013 साली त्यांना तिकडचा 'वर्षातला सर्वोत्तम क्रीडा संचालक' असा एक पुरस्कार मिळाला. 2017 च्या एप्रिलमध्ये ते टेनेसीला आले. नोव्हेंबरात फुटबॉलसाठी (त्यांचा फुटबॉल, हाताने खेळायचा) नवा प्रशिक्षक ठरवायची वेळ आली. 26 नोव्हेंबरला, रविवारी, ग्रेग शियानो यांचं नाव फुटलं आणि लोक असे काही भडकले की रात्रीपर्यंत ती नेमणूक बारगळली. 1 डिसेंबरला खुद्द करी साहेबांना बाजूला करण्यात आलं. जेमतेम आठ महिने. पुरस्कार कपाटात, माणूस घरी. 2019 मध्ये दुसऱ्या एका विद्यापीठाने, वेक फॉरेस्टने, त्यांना त्याच पदावर घेतलं. म्हणजे त्यांच्या व्यवसायातल्या लोकांचं त्यांच्याबद्दलचं मत फारसं बदललं नव्हतं. बदललं होतं ते पब्लिकचं.

हे ऐकल्यावर मला प्रश्न पडला की असं आपल्याकडे का होत नाही? अकोल्याच्या कुठल्या डीपीई सरांविरुद्ध कधी मोर्चा निघाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मग नेहमीप्रमाणे शनिवार त्यात गेला, आणि शोधता शोधता असं लक्षात आलं की दोन्ही वाटांचा उगम बराच जवळजवळ आहे.

मॅसॅच्युसेट्समध्ये स्प्रिंगफील्ड नावाचं गाव आहे. तिथे वायएमसीएची शारीरिक शिक्षणाची शाळा होती. 1891 च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधून काढला तो तिथेच. त्याच सुमारास तिथे एमॉस अलोंझो स्टॅग होते. 1892 मध्ये नव्याने निघालेल्या शिकागो विद्यापीठाने स्टॅग यांना शारीरिक शिक्षण विभागाचं प्रमुख केलं, आणि विशेष म्हणजे प्राध्यापकाच्या दर्जाने. खेळ शिकवणारा माणूसही शिक्षकच, ही त्यामागची कल्पना. स्टॅग तिथे चाळीस वर्षं राहिले. पण दरम्यान फुटबॉल इतका मोठा झाला की स्टेडियमं आली, तिकिटं आली, देणगीदार आले. संचालक विद्यार्थ्यांचा राहिला नाही, तिकीट काढणाऱ्यांचा झाला. शिकागोने मात्र 1939 मध्ये हे सगळं नको म्हणून मोठ्या पातळीवरचा फुटबॉल बंद करून टाकला. मग स्टॅग यांच्या नावाच्या त्या मैदानातल्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली 2 डिसेंबर 1942 ला जगातली पहिली नियंत्रित अणु-साखळी-प्रक्रिया घडवण्यात आली. (रिकाम्या स्टेडियमचा याहून जोरदार उपयोग कोणी केला असेल तर सांगा.)

त्याच स्प्रिंगफील्डचा दुसरा विद्यार्थी हॅरी क्रो बक. हा मद्रासला आला आणि 1920 मध्ये त्याने तिथे शारीरिक शिक्षणाचं विद्यालय काढलं. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाचा व्यवस्थापकही तोच होता. भारतातल्या 'पीटी'च्या तासाची, शिट्टीची, कवायतीची बरीचशी परंपरा या वाटेने आली.

आणि आपली वाट? ती अमरावतीतून निघते. बक मद्रासला पोचायच्या आधीच, 1914 साली, अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या भावांनी अमरावतीत व्यायामशाळा सुरू केली होती. पुढे तिचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. अमरावतीकर नुसतं 'एचव्हीपीएम' म्हणतात. कापसाच्या बाजारपेठेचं गाव, टिळकांच्या विचाराने भारलेला काळ, आणि मल्लखांब, लाठी, लेझीम, कुस्ती. राजगुरू या मंडळात शिकले होते, हे तिथलं कोणीही अभिमानाने सांगेल.

मला त्यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. 1924 मध्ये मंडळाने उन्हाळी वर्ग सुरू केला. शिक्षकांना सुट्टी उन्हाळ्यात, म्हणून वर्ग उन्हाळ्यात. ज्याने अमरावतीचा मे महिना पाहिला आहे त्याला यातला धाडसीपणा वेगळा समजावून सांगायला नको! तिथे शिकलेला मास्तर आपल्या गावी जायचा आणि पोरांना शिकवायचा. आजच्या आमच्या भाषेत याला 'ट्रेन द ट्रेनर' म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. गावोगावच्या मैदानावर उभा राहणारा खेळाचा मास्तर हा माणूस वऱ्हाडात असा तयार होत गेला. त्याच्यासमोर तिकीट काढलेला प्रेक्षक कधीच नव्हता. फार तर कुंपणावर बसलेली पोरं आणि एखादी म्हैस.

1936 ची बर्लिनची गोष्ट सांगितल्याशिवाय अमरावतीकर मला सोडणार नाहीत. मंडळाचं पथक ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं होतं आणि त्याने तिथे भारतीय व्यायामप्रकार आणि कबड्डी करून दाखवली. लहानपणी आम्ही ऐकायचो ती आवृत्ती बरीच रंगीत. त्यात कबड्डी थेट ऑलिंपिकमध्ये असायची, हिटलर तोंडात बोट घालायचा, आणि सांगणाऱ्यागणिक पदकं वाढत जायची. प्रत्यक्षात त्या ऑलिंपिकमध्ये अधिकृत प्रात्यक्षिकाचे खेळ होते बेसबॉल आणि ग्लायडिंग. आपलं पथक होतं ते ऑलिंपिकला जोडून भरलेल्या, शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातलं. म्हणजे ते जिंकायला गेलेच नव्हते, दाखवायला गेले होते. 15 ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला 8-1 ने हरवलं ते सगळ्या देशाला पाठ आहे, कारण त्याला आकडा आहे. मल्लखांबाला आकडा कुठून आणणार? म्हणून मग लोकांनी आपल्या मनाने पदक देऊन टाकलं. मला पूर्वी या थापांचा राग यायचा. आता येत नाही.

पुढचं भराभर सांगतो. 1967 मध्ये मंडळाचं शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय निघालं. 1 मे 1983 ला नागपूर विद्यापीठातून अमरावती विद्यापीठ वेगळं झालं (2005 पासून संत गाडगेबाबांच्या नावाचं). अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा यांची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा वेगळी झाली, संघ वेगळे झाले, आणि विद्यापीठाचा कोट मिळवलेला 'कलर होल्डर' ही वऱ्हाडी कॉलेजातली मानाची जात तयार झाली. लग्नपत्रिकेवर 'कलर होल्डर' छापलेलं मी स्वतः पाहिलंय. पोरगा कोणत्या खेळात होल्डर आहे ते मुलीकडच्यांना ठाऊक नव्हतं, पण छापलं होतं.

आता पुरस्कार. खेळाडूला 1961 पासून अर्जुन. प्रशिक्षकाला 1985 पासून द्रोणाचार्य. पहिल्या तिघांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, सोबत मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि पी. टी. उषाचे गुरू नंबियार. विद्यापीठाला 1956-57 पासून मौलाना आझाद करंडक. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार 1969-70 पासून. यात कॉलेजचे डीपीई सर कुठे बसतात? कुठेच नीट बसत नाहीत. ते खेळाडू नाहीत. एका खेळाचे प्रशिक्षकही नाहीत, कारण सकाळी खो-खो, दुपारी बुद्धिबळ आणि संध्याकाळी वेटलिफ्टिंग असं त्यांचं चालू असतं. करंडक विद्यापीठाचा. राहता राहिला संघटक-कार्यकर्त्याचा गट. म्हणजे पगार शिक्षकाचा, काम बारा बलुतेदारांचं आणि बक्षीस मिळालंच तर कार्यकर्त्याचं. 2012 मध्ये अमरावतीच्या प्रभाकरराव वैद्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आनंद झाला तो त्यामुळेच. निदान एकदा तरी या कामाला मोठा मान मिळाला. पण त्यांच्यामागे शंभर वर्षांची संस्था होती. एकट्या खोलीतल्या सरांचं काय?

आणि आपल्याकडचं पब्लिक! तिकडे लोक संचालकाला मोजतात ते संघ जिंकला की नाही यावर. आपल्याकडे मोजमाप एकच : सही केली का? खेळाचे वाढीव गुण, पोलिस भरती, आणि 2005 पासून सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण. एका प्रमाणपत्रावर घर उभं राहू शकतं. त्यामुळे "सर कसे आहेत?" या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर सही झाली की नाही यावर ठरतं.

मला हे माहीत आहे कारण मीही त्यातलाच. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मला टेबल टेनिसचं प्रमाणपत्र हवं होतं. स्पर्धेला मी गेलोच नव्हतो, फक्त यादीत नाव होतं. सर म्हणाले, "तू खेळला नाहीस बाबू." एवढंच. रागावले नाहीत. मी मात्र पानठेल्यावर उभं राहून त्यांचा उद्धार केला. सोबतच्यानेही भर घातली, "अबे, त्याले शिक्का माराले काय जोर पडते? पोट्ट्यायचं भलं पाहावत नाही लेकाले." दोन-तीन वर्षं मी हे मत जो विचारेल त्याला, आणि न विचारेल त्यालाही ऐकवलं.

2006 च्या दिवाळीत घरी गेलो तर सर दारात. हातात पिशवी. "तुझ्याकडे मराठी टायपिंग आहे म्हणतात." त्यांना पुरस्कारासाठी प्रस्ताव करायचा होता. स्वतःच स्वतःबद्दल अर्ज करायचा, सोबत कात्रणं, प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती. ते फार अवघडून बसले होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, प्राचार्यांनी आग्रह केला म्हणून, असं दोनदा म्हणाले. मी कृती देव फाँट लावून बसलो. 'राष्ट्रीय स्तरावरील पदकप्राप्त खेळाडू' : एक. 'आंतरराष्ट्रीय' : निरंक. अर्धं पान सुद्धा भरेना. मी म्हटलं, "सर, अजून काहीतरी सांगा ना. इतकी वर्षं काम केलंय."

त्यांनी पिशवीतून एक लांबट वही काढली, किराणा दुकानात असते तशी. त्यात साहित्याच्या नोंदी. तारीख, नाव, वस्तू, परत. स्पाइक्स 8 नंबर. लंगोट 2. सायकलचे पंप दुरुस्तीचे पैसे (मुलगा बारा किलोमीटरवरून प्रॅक्टिसला यायचा). एसटीचं भाडं. अंडी, महिना 1. 'परत'चा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा. काही नावांपुढे मात्र बारीक अक्षरात लिहिलेलं : रेल्वेत लागला. सीआरपीएफ. झेडपी शाळा, चिखलदरा. लग्न झालं, नवरा खेळू देतो.

"हे टाकू का?" मी विचारलं.

"कुठं टाकशील? रकाना नाही त्याला."

खरंच नव्हता. मी तो फॉर्म तीनदा वर-खाली केला. शेवटी 'इतर माहिती'मध्ये दोन ओळी लिहिल्या, त्याही त्यांनी खोडायला लावल्या. साहित्य कॉलेजचं, त्यात आपलं काय, असं म्हणाले. प्रस्ताव गेला आणि अपेक्षेप्रमाणे काही झालं नाही. त्यांनी पुन्हा कधी अर्ज केला नाही.

मी माझ्या पानठेल्यावरच्या बडबडीबद्दल त्यांच्याशी कधी बोललो नाही. त्यांना माहीत असणार. अकोला काही इतकं मोठं गाव नाही. त्या दिवशी वही चाळताना माझंही नाव सापडलं होतं. टे. टे. बॅट 1. 'परत'चा रकाना कोरा, पुढे काहीच लिहिलेलं नाही. मी पान उलटलं, त्यांनी पाहिलं असावं. चहा पिऊन गेले.

बॅट इथे पुण्यातच आहे, माळ्यावरच्या खोक्यात. एका बाजूचं रबर निघालंय.