शिरूर 1994: 'स्वच्छता' या शब्दामागचं मनुष्यबळ

अहिल्यानगरहून (पूर्वीचं अहमदनगर) पुण्याला निघालं की वाटेत शिरूर लागतं. तिथल्या मतिमंद (तेव्हाचा सरकारी शब्द) मुलींच्या शासकीय वसतिगृहातल्या काही मुलींची गर्भाशयं फेब्रुवारी 1994 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिलं गेलं ते असं: या मुलींना मासिक पाळीतली स्वच्छता सांभाळता येत नाही. महिला संघटनांनी विरोध केला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या.

यावर लिहिताना आपण थेट हक्क आणि संमतीकडे वळतो. ते बरोबरच आहे. पण दिलेलं कारण पुन्हा वाचा. त्यात फक्त मुली आहेत. त्यांचे कपडे बदलणारी, धुणारी, त्यांना शिकवणारी काळजीवाहक बाई कुठेच नाही. एका शिफ्टला किती जणी? रात्री कोण? मंजूर पदं किती, भरलेली किती? हे प्रश्न बाजूला पडले, की व्यवस्थेची उणीव मुलीच्या शरीरात दिसायला लागते.

म्हणून निवासी संस्थांवर काम करणार असाल, तर वैद्यकीय कागदांसोबत हजेरीपटही मागा. मनुष्यबळ कमी होतं असं निघालं, तरी शस्त्रक्रियेचं समर्थन होत नाही. जबाबदारी पदं भरणाऱ्यांपर्यंत जाते, एवढंच.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम 10 नुसार, व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. कायद्याने शस्त्रक्रिया थांबते. रात्री दोन वाजता कपडे बदलायला मात्र माणूसच लागतं.